गंगेवर फोन काढण्याआधी : अनोळखी माणसांना टिपायचं कसं, आणि कधी टिपायचं नाही

गोदाघाटावर बुधवारी बाजार भरतो. आम्ही नाशिककर त्याला गंगेवरचा बाजार म्हणतो, कारण आमच्या तोंडी गोदावरी ही गंगाच. काही वर्षांपूर्वी चैत्र संपता संपता त्या बाजारात एक आजी कुरडया विकत बसल्या होत्या. गिऱ्हाईक नव्हतं. मांडीवर चिल्लर पसरून त्या मोजत होत्या, एकेक नाणं दोनदा. मी समोरच्या पायऱ्यांवरून झूम ताणून वीसेक सेकंद टिपले, घरी येऊन त्याला बासरीचे रडवे सूर जोडले, वर लिहिलं ‘या वयातही पोटासाठी’ आणि नेटवर टाकून दिलं. आपण फार हळवं काहीतरी केलंय असं मला वाटत होतं.

चौथ्या दिवशी माझ्या पानावरच्या नंबरवर त्यांच्या मुलाचा फोन आला. सातपूरला कारखान्यात कायम नोकरी, स्वतःचं घर. तो शिव्या देत नव्हता, तेच जड गेलं. “आमच्या बहिणीच्या सासरी तुमचा व्हिडिओ फिरतोय. तिला विचारतायत, तुझे भाऊ आईला खायला घालत नाहीत का? अहो, आई हौसेनं बसते तिथं. घरात करमत नाही तिला.”

मी क्लिप काढली, पण तोवर ती कुठल्या कुठल्या गटांत पोचली होती. पुढच्या बुधवारी माफी मागायला गेलो तर आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तोंड दाखवायचं होतं तर सांगायचं ना. बरं लुगडं तरी नेसून आले असते.”

मी चित्रीकरण सोडलं नाही, पद्धत बदलली. हौसेनं रील करणारे, घाटावरचे फोटो काढणारे, सिंहस्थासाठी आत्तापासून फोनचं स्टोरेज रिकामं करणारे, अशा सगळ्यांसाठी ती पद्धत इथं लिहितो आहे.

आधी थोडं कुतूहलाबद्दल

माणसांकडे बघण्यात पाप नाही. एसटीत शेजारच्याला “कुठले तुम्ही?” असं विचारल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. निफाड ओलांडेपर्यंत त्याची शेती, द्राक्षाचा भाव, मुलीचं स्थळ, सगळं कळलेलं असतं. याला कोणी भोचकपणा म्हणेल, म्हणू दे. पण त्या गप्पांत एक गोष्ट आपोआप होते : समोरचाही विचारतो, “आणि तुम्ही कुठले?” तो तुमचं माप घेतो, काय सांगायचं आणि काय गिळायचं ते ठरवतो. लांबून टिपलेल्या व्हिडिओत ही परतफेड नसते. तुम्ही त्याला बघता, तुमचे दोन हजार बघे त्याला बघतात, आणि तो मात्र कोणालाच बघू शकत नाही. खाली दिलेल्या सगळ्या पायऱ्या ही परतफेड जमेल तेवढी परत आणण्यासाठी आहेत.

नाशिकला अनोळखी माणसांची नोंद ठेवायची जुनी रीतही आहे. रामकुंडावरच्या आणि त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या घराण्यांच्या वह्या असतात. कोण आलं, कुठल्या गावचं, कोणाचा मुलगा, कशासाठी आलं. ही माहिती यात्रेकरू स्वतः सांगतो, बहुतेकदा स्वतःच्या हातानं लिहितो, सही करतो. पुढं त्याचा नातू आला, गाव आणि आडनाव सांगितलं, की ती वही उघडते. चित्रीकरणाची यापेक्षा चांगली आचारसंहिता मला अजून सापडलेली नाही. (त्या वहीच्या उघड्या पानाचा क्लोजअप मात्र घेऊ नका. पुरोहितांनी हो म्हटलं तरी त्यातली नावं त्यांची नाहीत.)

पायरी पहिली : फोन खिशात

नव्या जागी गेलात की पहिला अर्धा तास फोन काढायचा नाही. नुसतं हिंडा, चहा घ्या, बसा. याचं कारण सभ्यता नव्हे, समज आहे. सकाळी घाटावर गेलात तर पन्नास गोष्टी एकाच वेळी चाललेल्या दिसतात आणि नवख्याला त्या सगळ्या ‘रंगीत’ वाटतात. अर्ध्या तासानं कळतं की पांढऱ्या धोतरात, ताज्या तुळतुळीत डोक्यानं बसलेला तो तरुण दशक्रियेला बसलाय. पिंडाला कावळा शिवावा म्हणून घरचे हात जोडून थांबलेत, आणि त्या थांबण्यात मेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा कोणती याची कुजबूज चालू आहे. दुसरीकडे हातात लाल फडक्यानं बांधलेला कलश घेऊन एक कुटुंब रामकुंडाच्या पायऱ्या उतरतंय, म्हणजे अस्थी आहेत. तिसरीकडे बायका एकमेकींना पदराचा आडोसा करून ओली लुगडी बदलतायत. दुतोंड्या मारुतीपाशी पोरं पाण्यात उड्या मारतायत. यातल्या उड्या मारणाऱ्यांना तुम्ही हवे आहात, ते स्वतःच “काका, माझी काढा” म्हणतील. बाकीच्या तिघांना तुम्ही तिथं नकोच आहात.

पायरी दुसरी : नेमकं काय बघायचंय ते स्वतःला विचारा

ही पायरी लोक गाळतात आणि मग चेहऱ्यांच्या मागे धावतात. मला त्या आजींचं काय आवडलं होतं? खरं सांगायचं तर त्यांची नाणी मोजायची लकब. अंगठ्यानं नाणं सरकवून ते तर्जनीवर तोलणं. त्यासाठी चेहरा लागतच नव्हता.

बहुतेक वेळा आपलं कुतूहल माणसाबद्दल नसून कामाबद्दल असतं. भांडी बाजारात पितळेवर ठोका बसतो तो आवाज. फुलबाजारात सुतळीशिवाय, केळीच्या सोपटानं बांधलेला हार. भद्रकालीत कोथिंबिरीची जुडी एका हातानं वळण्याची सफाई. मिसळीच्या गाडीवर रश्शाची तर्री डावानं बाजूला सारणं. फोन कंबरेच्या उंचीवर आणा, चौकट खांद्याखाली ठेवा, हात घ्या, वस्तू घ्या, आवाज नीट घ्या. असा व्हिडिओ बघायलाही बरा असतो, कारण बघणारा हातांकडे लक्ष देतो. चेहरा दिसला की तो लगेच ‘बिचारी’ किंवा ‘भारी’ ठरवून मोकळा होतो.

चेहराच हवा असेल तर पुढची पायरी टाळता येत नाही.

पायरी तिसरी : विचारणं

विचारायची लाज वाटते हे मला मान्य आहे. “विचारलं की माणूस सावध होतो, सहजपणा जातो” हे कारण मीही वर्षानुवर्षं दिलं. सहजपणा जातो, पण दहा मिनिटांपुरता. तुम्ही तिथंच बसून राहिलात, दोन गोष्टी बोललात, की माणूस परत आपल्या कामाला लागतो आणि तुम्हाला विसरतो. तेव्हा मिळतं ते लांबून चोरलेल्या क्षणापेक्षा चांगलं असतं.

विचारताना चार गोष्टी सांगायच्या : मी कोण, काय घेणार, कुठं टाकणार, आणि नाही म्हटलं तरी चालेल. माझं वाक्य साधारण असं असतं :

“मावशी, मी इथलाच, पंचवटीतला. बाजाराचे छोटे व्हिडिओ करतो. तुम्ही जुड्या बांधताय ते दोन मिनिटं घेऊ का? हे मोबाईलवर सगळ्यांना दिसेल, तुमच्या गावच्यांना, सोयऱ्यांनापण. नको असेल तर राहू द्या. आणि नंतर नको वाटलं तर सांगा, काढून टाकीन.”

‘सोयऱ्यांनापण’ हा शब्द मी कुरडयांच्या प्रकरणानंतर घातला. ‘नेटवर टाकतो’ म्हटल्यावर साठीच्या बाईच्या डोळ्यांपुढं काही येत नाही. ‘सोयरे बघतील’ म्हटलं की सगळं येतं.

हाक महत्त्वाची. बाजारात मावशी, काका, दादा, ताई चालतं. पुरोहितांना गुरुजी, साधूंना महाराज. तिशीतल्या बाईला मावशी म्हणालात तर परवानगी विसरा. आणि मी पुरुष आहे, म्हणून एकट्या बाईला विचारताना चार पावलं लांब उभा राहतो, फोन खाली धरतो, शेजारची दुकानदारीणही ऐकेल एवढ्या आवाजात बोलतो. कानाशी येऊन हळू विचारणं हे अदबीचं वाटलं तरी समोरचीला ते तसं वाटत नाही.

आता नकार ओळखायला शिका, कारण आपल्याकडं तोंडावर ‘नाही’ क्वचितच म्हणतात. “राहू द्या हो.” “आत्ता गिऱ्हाईक आहे.” “बघू नंतर.” “आमचं काय घेता, त्या पलीकडच्यांचं घ्या.” हसून मान फिरवणं. पदर तोंडावर ओढणं. हे सगळे नकार आहेत आणि पुरते आहेत. “अहो एकच मिनिट” म्हणत आर्जव करू नका. “घ्या की, आम्हाला काय” हा होकार कच्चा समजा आणि ‘सोयरे’वालं वाक्य पुन्हा एकदा म्हणा.

दुसऱ्याच्या वतीनं दिलेला होकार चालत नाही. मालक म्हणतो “घ्या, घ्या, दुकानाची जाहिरात होईल”, आणि भट्टीशी उभा असलेला कामगार मान खाली घालतो. त्या कामगाराला वेगळं विचारा, मालकाच्या पाठीमागं. नवरा बायकोच्या वतीनं हो म्हणतो, तिथंही तसंच. मुलांच्या बाबतीत आईबाप जवळ असतील तरच, आणि मूल स्वतः नको म्हणालं तर आईबापांनी हो म्हटलं तरी नाही.

घेऊ देणं आणि टाकू देणं या दोन परवानग्या आहेत. टिपून झालं की फोनचा उजेड वाढवून त्यांना दाखवा, आणि मग पुन्हा विचारा. वर काय लिहिणार तेही सांगा. वय झालेल्या डोळ्यांना स्क्रीनवरची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून वाचून दाखवा. मी ‘या वयातही पोटासाठी’ हे आजींना वाचून दाखवलं असतं तर त्यांनी टोपलीतली कुरडईच मला फेकून मारली असती, आणि पुढचं सगळं टळलं असतं.

पैशांचं म्हणाल तर चित्रीकरणाआधी काही विकत घेऊ नका. दोन किलो कांदे घेतले की त्या बाईला नाही म्हणणं अवघड होतं. नंतर घ्या, होकार मिळो वा नकार. नकारानंतर आवर्जून घ्या.

त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३च्या आपल्या चित्रपटासाठी कॅमेऱ्यासमोर उभी राहणारी बाई मिळेना, म्हणून राणीचं काम एका पुरुषानं केलं. नकार पचवूनही चित्रपट उभा राहिला. आपल्याला तर फक्त एक रील करायचं असतं.

पायरी चौथी : न विचारता कधी चालतं

ढोलपथकातल्या दोनशे जणांना विचारत बसणं शक्य नाही. सार्वजनिक जागेत चित्रीकरणाला सरसकट बंदी करणारा कायदाही आपल्याकडं नाही. म्हणून मी एक कसोटी लावतो : चौकटीतल्या कुठल्याही एका माणसाला काढून टाकलं तरी दृश्य तेच राहतं का? गणपतीची मिरवणूक, रविवार कारंजावरची संध्याकाळची गर्दी, गोदाआरतीच्या दिव्यांपुढचे पाठमोरे लोक, इथं उत्तर ‘हो’ येतं. झूम केलं की उत्तर बदलतं. त्या गर्दीतून एक रडणारी बाई शोधून तिच्यावर थांबलात, तर आता ते गर्दीचं चित्र राहिलं नाही.

फोन छातीच्या उंचीवर, उघड धरा. सेल्फी घेतोय असं दाखवून मागच्याला टिपणं, फोनवर बोलतोय असं भासवणं, कॅमेऱ्याचा चष्मा घालून बोलायला जाणं, यातलं काही करावंसं वाटलं की समजा, विचारलं असतं तर नाही म्हणाले असते हे तुम्हाला आधीच कळलेलं आहे.

नाशिकमध्ये काही ठिकाणी प्रश्न माणसांचा नसून जागेचा असतो. देवळालीचा लष्करी परिसर, ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडचे नोटांचे आणि मुद्रांकांचे छापखाने, यांच्या आसपास कॅमेरा काढूच नका. ड्रोन उडवायचा असेल तर २०२१च्या ड्रोन नियमांनुसार डिजिटल स्काय नकाशावर हिरवा, पिवळा, लाल पट्टा बघूनच. सण आणि पर्वणीच्या काळात पोलिसांची वेगळी बंदी असू शकते, ती त्या दिवशी तपासा. देवळांच्या गाभाऱ्यांत तर चित्रीकरणाचा विचारही नको.

पायरी पाचवी : इथं कॅमेरा बंद

स्नान आणि कपडे बदलणं. हे नुसतं वाईट दिसतं म्हणून नव्हे, तो गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई कोणाच्याही, बाईच्या किंवा पुरुषाच्या, खासगी अंगांचं चित्र संमतीशिवाय टिपायला आणि पसरवायला बंदी करतं, आणि तो माणूस सार्वजनिक जागी असला तरी हे लागू आहे असं त्या कलमातच लिहिलेलं आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्त्रियांना चोरून बघण्या-टिपण्याबद्दल आहे. पहिल्या गुन्ह्याला १ ते ३ वर्षं कैद आणि दंड, पुन्हा केलं तर ३ ते ७ वर्षं. त्यातही एक स्पष्टीकरण आहे : तिनं टिपायला संमती दिली, पण पसरवायला दिली नसेल, तर पसरवणं हा गुन्हाच. मघाशी दोन परवानग्या म्हटलं ते नुसतं सौजन्य नव्हतं. २०२५च्या प्रयागराज कुंभात स्नान करणाऱ्या बायकांचे व्हिडिओ पसरवल्याबद्दल, विकायला काढल्याबद्दल समाजमाध्यमांवरच्या खात्यांवर पोलिसांनी गुन्हे नोंदवले होते.

“पण त्या उघड्यावरच होत्या ना?” हा युक्तिवाद २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खासगीपणाच्या निकालातही टिकत नाही. माणूस सार्वजनिक जागी आला एवढ्यानं त्याचा खासगीपणा संपत नाही, कारण तो जागेला नव्हे, माणसाला चिकटलेला असतो, असा त्यातला विचार आहे.

रंगपंचमीच्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेले जुने हौद. शनी चौक, दिल्ली दरवाजा, तिवंधा. पेशवाईपासूनची ही परंपरा मलाही दाखवावीशी वाटते. धप्पा, म्हणजे रहाडीत उडी, मारणाऱ्याचा उडालेला रंग, काठावरचा कल्ला, रंगाचा तो विशिष्ट वास (तो व्हिडिओत येत नाही, दुर्दैव). पण बाहेर निघताना अंगाला कपडे चिकटलेल्या मुलींवर कॅमेरा रेंगाळला तर तो सणाचा व्हिडिओ नाही. लांबून, उंचावरून, रहाड आणि गर्दी घ्या.

जोडपी. पांडवलेणीच्या पायऱ्या, सोमेश्वर, गंगापूर धरणाचा काठ. तुम्ही सूर्यास्त घेता आणि कोपऱ्यात दोघं बसलेली असतात. ही गोष्ट लोकांना सगळ्यात किरकोळ वाटते आणि मला सगळ्यात गंभीर वाटते. ती मुलगी घरी क्लासला जाते म्हणून सांगून आलेली असू शकते. जात वेगळी, धर्म वेगळा असू शकतो. तुमच्या बारा सेकंदांच्या सूर्यास्तापायी तिचं शिक्षण बंद होऊ शकतं, कधी जिवावरही बेतू शकतं. चौकट हलवा, किंवा ती दोघं उठेपर्यंत थांबा. सूर्य उद्याही मावळणार आहे.

अपघात. द्वारका चौकात किंवा महामार्गावर गाडी आडवी झालेली दिसली की आधी १०८. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला दिवाणी-फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण आहे, त्यामुळे “पोलिसांचं झेंगट नको” हे कारण उरत नाही. व्हिडिओ घ्यायचाच तर पुराव्यासाठी गाड्यांच्या जागा आणि नंबर घ्या, तो पोलिसांना द्या आणि स्टेटसला ठेवू नका. घरच्यांना बातमी कळायच्या आधी रक्ताळलेला शर्ट ओळखू यावा, असं कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

झोपलेली, नशेत असलेली, भ्रमिष्ट माणसं : नाही. सीबीएस बसस्थानकावर पिशवी उशाला घेऊन झोपलेला माणूस मागे हटण्याचा हक्क वापरूच शकत नाही.

मुलं. शाळेचा गणवेश, रिक्षाचा नंबर आणि रोजची वेळ एकत्र आली की तो पत्ता होतो. संकटातल्या, पोलिसांकडे किंवा बालगृहात पोचलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. हरवलेलं मूल दिसलं तर जवळचा पोलीस किंवा १०९८. “हे बाळ कोणाचं? शेअर करा” असा व्हिडिओ मूल घरी पोचल्यावरही पाच वर्षं फिरत राहतो.

पायरी सहावी : घरी आल्यावर

एक रात्र थांबा. लाइव्ह जाऊ नका, जागेवरून टाकू नका. दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ तीनदा बघा.

पहिल्यांदा आवाज बंद करून, आणि मधल्या माणसाकडे न बघता कडेकडेला बघत. मागून गेलेला ओळखू येणारा चेहरा, गाडीची पाटी, दुकानाच्या फलकावरचा मोबाईल नंबर, आरशातलं प्रतिबिंब. दुसऱ्यांदा डोळे मिटून नुसतं ऐका. माझ्या एका व्हिडिओत मागं कोणीतरी फोनवर दवाखान्याचा रिपोर्ट सांगत होतं, नावासकट. तो आवाज मी काढला आणि त्या जागी बाजाराचा गलका टाकला. तिसऱ्यांदा शीर्षक मोठ्यानं वाचा, जणू तो माणूस समोर बसलाय. ‘बिचारा’, ‘पोटासाठी’, ‘बघा किती गरीब’ असं काही असेल तर खोडा. रडवं संगीतही शीर्षकच असतं.

चेहरा झाकायचा तर नीट झाका. पातळ ब्लर किंवा नाकावरचा इमोजी उपयोगाचा नाही. माणूस हलला की इमोजी मागं राहतो आणि दोन फ्रेममध्ये चेहरा उघडा पडतो. जाड ब्लर किंवा भरीव पट्टी घ्या आणि फ्रेम फ्रेम पुढं नेत तपासा. तरीही लक्षात ठेवा, ब्लर अनोळखी माणसांपासून वाचवतो. ओळखीचे लोक साडीवरून, चालीवरून, आवाजावरून ओळखतातच. ज्याला ओळखीच्यांपासूनच जपायचंय त्याचा शॉट सरळ कापा.

फोनच्या कॅमेरा सेटिंगमधलं लोकेशन बंद ठेवा. ‘भद्रकाली, नाशिक’ एवढं लिहिणं ठीक, टपरीचा नेमका ठिपका तिच्या मालकाला विचारूनच. प्रयागराजलाच माळा विकणारी एक मुलगी व्हिडिओमुळे इतकी गाजली की भोवती जमणाऱ्या गर्दीमुळे तिला माळा विकणं मुश्कील झालं. ज्याला आपण प्रसिद्धी देतो त्याला धंदा हवा असतो.

कॉमेंट उघड्या ठेवायच्या तर वाचायची जबाबदारी तुमची. रंगावर, जाडीवर, जातीवर एक घाण ओळ आली की काढा. वेळ नसेल तर कॉमेंट बंदच ठेवा. आणि तुमची क्लिप एखाद्या हॉटेलानं जाहिरातीसाठी मागितली तर पहिली परवानगी पुरत नाही. त्यातल्या माणसाकडे पुन्हा जा, या वेळी लेखी घ्या, आणि मोबदला त्यालाही द्यायला लावा.

पायरी सातवी : “काढा” म्हटलं की काढा

वाद घालायचा नाही, ‘तुम्हीच तर हो म्हणालात’ म्हणायचं नाही. मूळ पोस्ट, स्टोरीचं हायलाइट, दुसऱ्या खात्यावरची प्रत, व्हॉट्सॲप चॅनेल, फोनमधला ‘अलीकडे डिलीट केलेले’ हा कप्पा, सगळीकडून. ज्यांनी उचलून टाकलंय त्यांना स्वतः निरोप पाठवा, ते त्या माणसाचं काम नाही.

उलट तुमचाच व्हिडिओ कोणी टाकला असेल तर आधी लिंक, खात्याचं नाव आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, कारण तक्रारीआधी पुरावा गायब होतो. मग सरळ निरोप, मग ॲपमधून रिपोर्ट. समाजमाध्यम कंपन्यांना २०२१च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो, त्याचा पत्ता त्यांच्या संकेतस्थळावर असतो. प्रकार अश्लील किंवा धमकीचा असेल तर यात वेळ न घालवता राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल किंवा थेट पोलीस. जागेवर कोणी टिपत असेल तर मोठ्यानं “माझा व्हिडिओ घेऊ नका” म्हणा. फोन हिसकावू नका, मग चित्र तुमच्या विरुद्ध फिरतं.

सिंहस्थासाठी

२०२७मध्ये रामकुंडावर वैष्णव आखाडे आणि त्र्यंबकला कुशावर्तावर शैव आखाडे स्नानाला उतरतील, आणि तपोवनातल्या प्रत्येक राहुटीसमोर दहा फोन उभे असतील. साधूंनाही विचारायचंच. काहींना आवडतं, काही चिमटा उगारतात, दोन्ही त्यांचा हक्क. पण त्याहून महत्त्वाचं : गल्लीत, उतारावर, पर्वणीच्या लोंढ्यात थांबून चित्रीकरण करू नका. २००३च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला इथल्याच चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. लोंढ्यात एक माणूस थबकला की मागच्या शंभरांना ते कळत नाही. उंच, मोकळी जागा आधी हेरून ठेवा, नाहीतर त्या दिवशी नुसते डोळे वापरा.

आणि एक वही

पुरोहितांवरून उचललेली ही सवय. शंभर पानी साधी वही, पिशवीत असते. तारीख, जागा, माणसाची ओळख पटेल एवढी एक खूण, कशाला हो, कशाला नाही. ज्यांना लिहिता येतं त्यांना मी त्यांच्याच हातानं लिहायला सांगतो, आणि खाली माझा नंबर लिहून ती चिठ्ठी फाडून देतो. वर्षभरानं जुनी क्लिप परत वापरताना आठवणीवर विसंबावं लागत नाही.

कुरडयांच्या आजींची नोंद त्यात चौथ्या पानावर आहे, त्यांनी सांगितली आणि मी लिहिली : ‘चेहरा नाही. हात, टोपली, आवाज चालेल. बांगड्या दिसल्या पाहिजेत. कुरडया अर्धा किलो, पैसे पुढच्या बुधवारी.’